उलट्या हातानं

—व्हय, काढलंय गळ्यातलं. ओरडू नका, निकिता झोपलीय. तुमचा मुलगा जिता आहे, ठणठणीत आहे, सोलापुरात दुकानात एसीखाली बसलाय, माझं गळ्यातलं काढल्यानं त्याला काही होत नाही. हे बघा, पदराच्या गाठीत बांधलंय मंगळसूत्र, आणि त्याच्याच शेजारी मेनचा फ्यूज. पुरुष माणसं फ्यूज काढून खिशात घालतात — म्हणजे आपले हात तारांत असताना मागून कुणी शहाणा येऊन चालू करू नये — आपल्याला कुठला आलाय खिसा? म्हणून गाठ. सोन्यातून करंट जातो आत्या, वाकलं की मंगळसूत्र लोंबतं आणि नको तिथं टेकतं. बांगड्या ठेवल्यात बघा हातात. काचेतून जात नाही, तेवढ्या राहू द्या महांतेशच्या नावानं. आता त्या पाटावर बसा, पाय खाली सोडू नका, फरशी ओली आहे. पंखा? पंखा कुठून लागेल, मेन बंद आहे म्हणतेय ना. वीस मिनिटं घामात बसल्यानं कुणी मरत नाही. मी दोन उन्हाळे बसलेय.

तुम्हाला आठवत नसेल — नाही, आठवत असेल, तुम्हाला सगळं आठवतं, माझ्या लग्नात तुमच्या भावाला फेटा उशिरा बांधला तेसुद्धा आठवतं — तर दोन वर्षांमागं, असाच एप्रिल, मला पाचवा महिना. ह्याच कुलरमध्ये पाणी ओतताना मी म्हटलं, आत्या, हात लावला की मुंग्या येतात. एवढंच म्हटलं. दारात इरम्माकाकू बसलेल्या, शेवया वाळत घातलेल्या. तुम्ही काय म्हणालात? ‘बसून खानाऱ्याला मुंग्याच येतेत.’ काकू हसल्या. मग तुम्ही उठलात, पाटावर चढलात — ह्याच पाटावर — आणि कुलरवर थापटी मारलीत. ‘मला कसं लागंना गं? करंटबी मानूस बघून लागतो.’ गल्लीभर गाजलं ते. मुरुमच्या बाजारात भाजीवाली मला विचारायची, काय सूनबाई, लागतोय का अजून करंट? आणि मी बीएस्सी फिजिक्स! लाकडाच्या पाटावर उभ्या माणसाला करंट लागत नाही, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या गरवारशीला लागतो, हे मला पुस्तकात पान नंबरासकट पाठ होतं — तरी मीच रात्रभर विचार करत बसले, की खरंच, मलाच कसा लागतो? माझंच काही चुकतंय का? हसू नका. म्हणजे, हसत नाही तुम्ही, माहीत आहे. घाम पुसा.

हां, ती पक्कड द्या — ती नाही, तो पाना झाला, पिवळ्या मुठीची. पक्कड म्हणतात तिला. ही जुनी पिन बघा, शिवप्पा वायरमननं बसवलेली. तीन भोकांचा बोर्ड, तीन पायांची पिन, आणि आत तारा किती? दोन. हिरवी मुळातच छाटून टाकलीय. का? तर लांबीला कमी पडत होती. बरं, घराची मुख्य अर्थिंगची, चुकार करंट जमिनीत उतरवणारी तार तरी कुठं जाते, म्हणून मी ती भिंतीवरनं हातानं चाचपत गेले, मागच्या मोरीपर्यंत. नळाच्या पाइपाला बांधलीय. चांगलं आहे, लोखंडी पाइप जमिनीत जातो, पूर्वी तसं करायचे. पण आत्या, आपला नळ कधी बदलला? नवीन लाइन आली तेव्हा. कसला पाइप टाकला? प्लास्टिकचा! आणि शिवप्पानं काय केलं, जुन्या पाइपाची तार सोडली आणि इमानदारीनं प्लास्टिकच्या पाइपाला पाच वेढे देऊन बांधली. वर गाठ. बैलाला दावं बांधावं तशी. चार वर्षं सगळ्या घराची अर्थिंग प्लास्टिकला बांधलेली, आणि आपण बोर्डाला हळदीकुंकू लावतोय दसऱ्याला. मी त्याला दाखवलं, तर म्हणतो कसा, वैनी, बाईमानसानं ह्यात पडू नये, लाईट लागतीय न्हवं? लागतीय. म्हटलं ती लागतीय म्हणूनच विचारतेय.

मग अर्थिंगचा खड्डा मी घेतला. एकटीनं, खिडकीमागं. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस म्हणतो आठ फूट जा. साडेतीन फुटांवर खडक लागला. पहार वाजायला लागली ठणठण, हाताला फोड आले, म्हटलं बास. कोळसा, मीठ, पाइप, परत कोळसा, परत मीठ, वरनं पाणी. ओल टिकली पाहिजे म्हणून मीठ असतं आत्या, आणि तुम्ही काय गल्लीत सांगितलंत? सुनेनं घराच्या पायाशी करणी पुरलीय. कोळसा आणि मीठ, अजून काय पाहिजे! आणि वर तुम्ही त्यात लिंबू कापून टाकलंत, उतारा म्हणून. मला सापडलं ना सकाळी पाणी घालताना. राहू दिलं. म्हटलं लिंबातही आम्ल असतं, झाली तर मदतच होईल. ही हिरवी तार आली बघा खिडकीतून, त्या खड्ड्यातली, ती ह्या बोर्डाच्या मोठ्या भोकाला… अशी… आणि स्क्रू घट्ट. ओढून बघायची. सुटली तर आत्ता सुटू दे. परत ओढते. नाही, मी प्रत्येक गोष्ट तीनदा बघते, गॅस तीनदा, कडी तीनदा, निकिताचा श्वास — ते जाऊ दे. सोमवारी टेस्टरसुद्धा तीनदा लावला होता मी, कुलरच्या चारही अंगांना, दरवेळी दिवा लागला, तेव्हा कुठं खात्री—

काय? व्हय, सोमवारी. आज गुरुवार. मग? खड्डा घ्यायला, सामान आणायला वेळ नको? …पिन काढून ठेवता आली असती, खरंय. साधी गोष्ट. ओढली की निघते. निकिताला तर मी सोमवारीच आतल्या खोलीत नेलं, सर्दी झालीय म्हणून सांगितलं, दाराला आडवी फळी लावली, मी स्वतः रबरी चप्पल घालून फिरायले घरात — तुम्ही म्हणालात पण, ‘देवघरासमोरनं चपला घालून? तुझ्या आईनं हेच शिकवलं का?’ — तेव्हासुद्धा जिभेवर आलं होतं माझ्या. आणि गिळलं. कारण पाणी तुम्ही ओतत होतात. ‘हिला मुंग्या येतेत, राजकन्येला, सर, म्या ओतते.’ अनवाणी. सोमवारी दोन बादल्या, मंगळवारी दोन, काल तीन. मी ह्या दारात उभी राहून बघत होते. नाही, मरावं असं नव्हतं वाटत. देवाशपथ. तेवढा नव्हताच तो करंट, मुंग्यांपुरता होता… असावा. मी मोजला नव्हता. मला फक्त वाट बघायची होती. आणि मंगळवारी लागला तुम्हाला. खोटं बोलू नका, मी बघितलं. बादली हिंदकळली, उजवा हात झटकलात, इकडं तिकडं बघितलंत आणि हात पदरात लपवलात. चोरी केल्यासारखा. मग काल तुम्ही बादलीच तेवढी टेकवत होतात, बोटं लावत नव्हतात कुलरला. म्हणजे कळलं होतं! दोन दिवस मी वाट बघितली आत्या, की आता म्हणाल, आता म्हणाल — भुवनेश्वरी, लागतंय गं. एवढंच. तीन शब्द. पिन त्या क्षणी काढली असती मी. पण तुम्ही आणखी एक बादली ओतलीत. मेला असतात, पण माझं खरं होऊ दिलं नसतं.

रडताय? डोळ्यात घाम गेला म्हणा, मला चालेल. झालं, बसली नवी पिन, हिरव्या तारेसकट. आतली मोटारीची तार खरवडली होती, पत्र्याला घासून, तिला टेप गुंडाळलाय सकाळीच. हा फ्यूज… गाठ सुटेना, थांबा… हा बसवला. मेन चालू. फिरला पंखा, घ्या. आता कुलरचं बटण. ऐका, फिरतोय. आणि हा टेस्टर पत्र्याला लावते, बघा ह्याच्या पोटातला दिवा — लागला का? नाही. ह्या बाजूला? नाही. मागं? तीनही ठिकाणी विझलेला. साडेतीन फूट तर साडेतीन फूट. आता या इकडं. उतरा पाटावरून. नाही, चप्पल नाही, अनवाणी या, ओल्यात उभ्या राहा, मी राहायची तशी. हात लावा. तळवा नको, उलट्या हातानं — करंट असला तर तळव्याची मूठ वळते आणि माणूस चिकटून राहतं, उलटा हात झटक्यानं सुटतो. बघा, तुमची किती काळजी आहे मला.

लावा ना. टेस्टर बघितलात ना आत्ता? मग? वर येईना का हात? मी कशाला लावू, मी तर दोन वर्षं लावलाय. तुमची पाळी आहे. नाहीतर असं करा, नका लावू. नुसतं म्हणा, लागत होतं. गल्लीत नको, इरम्माकाकूंपुढं नको, इथं, ह्या चार भिंतींत, मला एकटीला. म्हणा आणि आत जाऊन पडा. …नाही ना. मग लावा हात. मला घाई नाही. भाकऱ्या झाल्यात, निकिता झोपलीय, आणि—

उठली वाटतं. उठलीस होय गं बाळा? फळी कुणी काढली? आत्या, तुम्ही मघाशी आत गेलात तेव्हा फळी काढून तशीच — ये, इकडं ये, आईकडं ये, तिकडं नाही, ए निकू, कुलरकडं नाही, गार लागलं तरी नाही — ए! हात नको! आत्या, धरा, धरा तिला, हात लावू देऊ नका, बटण, आत्या, बटण—

धरलंत. …धरलंत ना? द्या. लागलं नाही ना तिला? हात बघू. दुसरा. रडू नको बाळा, आई ओरडली फक्त, काही नाही झालं, काही नाही.

असं बघू नका माझ्याकडं. टेस्टर विझलेलाच होता. तुम्ही पण बघितलात. मी तीनदा… ती लहान आहे, तिचं वेगळं असतं. तुमचं… असं बघू नका म्हणतेय ना.

आत्या. तुमचा हात कुठं टेकलाय?

पत्र्याला टेकलाय. बटण चालूच आहे. आणि तुम्ही ओल्यात उभ्या आहात. काढा तो हात. नाही — थांबा. थांबा, लागतंय का? मुंग्या येताहेत का? अगदी बारीक, कोपरापर्यंत? मान कसली हलवताय, तोंडानं सांगा.

नाही म्हणताय.

मंगळवारी तरी कुठं काही म्हणाला होतात.

जा. निकिताला मी घेऊन जाते इरम्माकाकूंकडं, तुम्ही आत जाऊन पडा. आणि जाता जाता बटण बंद करा तेवढं. …कुलरचं नाही. मेनच बंद करा.