शुद्धीवरच्या माणसाचं 'नाही'

नाही, पण मी म्हणतो, दिवसभर दुसऱ्यांच्या घरचे जिने चढणाऱ्या माणसाला 'व्यायाम करा' हे सांगायला पडदा आणि प्रोजेक्टर लागतो का? तुम्हाला सांगतो, मी ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक आहे. म्हणजे काय, तर डॉक्टर भेटेपर्यंत पेशंटला जिवंत ठेवायचं आणि डॉक्टर भेटले की बाजूला व्हायचं. एवढं साधं काम. आणि ते केस पांढरे होईपर्यंत केल्यावर आम्हाला प्रशिक्षण! विषय तीन: कायदा, नीतिमत्ता आणि स्वतःचं आरोग्य. एका दिवसात! अहो, कायदा शिकण्यात वकिलांची वर्षं जातात, नीतिमत्ता शिकण्यात जन्म जातो आणि आरोग्याचं म्हणाल तर ते शिकेपर्यंत आरोग्यच जातं... पण आमच्या ऑफिसला कोण सांगणार.

शिकवायला एक बाई होत्या. आवाज इतका मऊ की जेवणानंतर अर्धा वर्ग घोरत होता. सकाळी कायदा झाला. बाई म्हणाल्या, पेशंटला हात लावायच्या आधी त्याला विचारा. नको म्हणाला तर समजावा, परत समजावा, पण ओढून नेऊ नका. माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला समजत असेल, तर त्याचं नाही म्हणजे नाही. हे आमच्याकडून एका सुरात म्हणवून घेतलं, लहानपणी पाढे म्हणवून घ्यायचे ना, तसं. मला फार आवडलं हो ते वाक्य. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. आता पिशवी घ्या आणि दूध आणा." म्हणजे बघा, मी शुद्धीवर, मला सगळं समजतंय, आणि माझं नाही म्हणजे... दूध.

पण दुपारचं राहिलंच. दुपारी आरोग्य! डोळे मिटा म्हणे, श्वास घ्या, आपल्या शरीराचं ऐका. छातीत, हातात, जबड्यात दुखलं तर अंगावर काढू नका, तुम्हीच पडलात तर पेशंटला कोण उचलणार? आता हे कोणाला सांगताय? ही लक्षणं मी लोकांना इतक्यांदा समजावलीत की मला झोपेतून उठवून विचारा! त्या वेळी माझा जबडा जरासा धरला होता, नाही असं नाही. पण त्या खुर्च्या तुम्ही बघायला हव्या होत्या, बसणाऱ्याने परत येऊ नये अशाच बनवलेल्या. अवघडलो असेन, दुसरं काय! पित्ताची गोळी माझ्या खिशात असतेच. चघळली, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉल आला. म्हातारे गृहस्थ, छातीत दुखतंय, तिसरा मजला, लिफ्ट बंद. लिफ्ट बंदच असते! छातीत दुखणारा माणूस तळमजल्यावर राहिलेला मी आजवर पाहिला नाही. एका खांद्यावर बॅग, दुसऱ्या हातात ईसीजीचं मशीन, मागे पेशंटला उतरवायची खुर्ची घेऊन आमचा ड्रायव्हर. त्याला आम्ही मौनी म्हणतो, कारण शिफ्टभर तो 'हं' आणि 'हंहं' यापलीकडे काही बोलत नाही. वर पोचलो तेव्हा मला इतका दम लागला होता की दार उघडणाऱ्या सूनबाईंनी आधी पाण्याचा पेला माझ्याच हातात दिला. बिचारी रडकुंडीला आली होती. बाबा ऐकतच नाहीत म्हणाली, मघापासून पित्त पित्त करतायत आणि घामाने बनियन भिजलाय.

आणि बाबा कोण? तर जन्मभर गाडीच्या लायसन्सची परीक्षा घेतलेले साहेब! मौनीने त्यांना बघितलं आणि खुर्चीसकट दाराआड गेला. म्हटलं, अरे ये ना. तर कानात कुजबुजला, ह्यांनी मला चौकात उतरवून घरी चालत पाठवला होता. साहेब आरामखुर्चीत ताठ. चेहरा पांढराफटक, एक हात छातीवर, पण नजर अशी की मी आपोआप शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मी येणार नाही," साहेब म्हणाले.

झालं! काल शिकलो ते आज पेपरात आलं. आता बाईंची पद्धत, माणसाला समजतंय का ते तपासा. मी विचारलं, आज वार कोणता? बरोबर सांगितला, वर तारीखही सांगितली. आपण कुठे आहोत? माझ्या घरात आणि तुम्ही बुटांसकट. तेही बरोबर. शेवटचा प्रश्न, आत्ता हॉस्पिटलला नाही आलात तर काय होऊ शकतं?

"मरेन. पुढचा प्रश्न?"

पैकीच्या पैकी! आता करता काय? माणूस शुद्धीवर आहे, त्याला समजतंय, त्याचं नाही म्हणजे नाही. पण समोर तो मरतोय ना हो! मी खाली बसलो आणि समजावलं, बाबापुता केलं, सूनबाईंनी हात जोडले. तेव्हा ते बोलले. म्हणाले, आमची ही तुमच्याच गाडीतून गेली, नको नको म्हणत होती, घरीच राहू द्या म्हणत होती, मी ऐकलं नाही, उचलून दिली... परत आली नाही. तिचं शेवटचं म्हणणं मी मोडलं. आता माझं कोणी मोडायचं नाही.

बाईंनी हे शिकवलं नव्हतं. आणि तेवढ्यात माझा जबडा असा ठणकला की मी तो चोळायला लागलो. डाव्या हाताला मुंग्या, कपाळावरून घाम टपटप. म्हटलं उकडतंय.

"तुम्ही जबडा का चोळताय?" साहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

म्हटलं, काही नाही साहेब, पित्त आहे.

"मीही सूनबाईला मघापासून पित्तच सांगतोय."

मी हसायला गेलो, ते काही जमलं नाही. आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाने मरता मरता माझी परीक्षा सुरू केली! वार कोणता? सांगितला. कुठे आहात? तुमच्याकडे. आत्ता हॉस्पिटलला नाही गेलात तर काय होऊ शकतं?

आणि मी, जो हेच सबंध गावाला समजावत फिरतो, जो झोपेतही उत्तर देईल, तो मी काय म्हणालो? म्हणालो, "मला काही होत नाही हो."

"नापास," साहेब म्हणाले. "ह्यांना समजत नाहीये. ह्यांचं 'नाही' धरायचं नाही."

दाराआडून मौनी बाहेर आला. "साहेब बरोबर बोलतायत." पूर्ण वाक्य बोलला! मला तिथेच कळायला हवं होतं. त्याने मला जमिनीवर आडवा केला, वायरी लावल्या, मशीनकडे बघितलं आणि बडबडच करायला लागला, हलू नका, बोलू नका, ही गोळी चावा, दुसरी गाडी मागवतो. फोनवर कंट्रोल रूमने विचारलं, पेशंट एक ना? तो म्हणाला, दोन, एक आपलाच. आता खरं सांगतो, घाबरलो. वरचा पंखा फिरत होता आणि मला धाकट्या मुलीच्या शाळेच्या दप्तराचा तुटलेला बंद आठवत होता, तो मी शिवून देणार होतो. इतका रडवेला झालो की साहेब खुर्चीतून उठायला लागले. सूनबाई ओरडली, बाबा बसा! तर म्हणाले, मी येतो ह्याच्याबरोबर. हा नापास मुलगा आहे, ह्याला एकटा सोडायचा नाही.

म्हणजे हा माणूस मी विनवून आला नाही, सून रडली तरी आला नाही, आणि माझं हृदय बंद पडायला आलं तेव्हा आला. दुसऱ्या गाडीतली पोरं आली, आम्हा दोघांना जिना उतरवला आणि आमच्याच गाडीत एकत्र घातलं. पूर्ण रस्ताभर साहेब गाडी चालवणाऱ्या मौनीला वळताना आरसा बघ म्हणून सांगत होते. सायरन चालू असताना!

साहेबांचं औषधांवर भागलं. माझ्या हृदयाच्या नळीत जाळी बसवावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर साहेबांना एकट्यालाच परत जावं लागलं असतं. बायको तेव्हापासून मला काही विचारत नाही, नुसतं सांगते.

आता घरी बसलोय. आणि डॉक्टरांनी काय सांगितलं असेल? रोज चाला! बाईंनी सांगितलं तेच, फक्त प्रोजेक्टरशिवाय. साहेबांनाही चालायला सांगितलंय. म्हणून ते रोज सकाळी माझ्या दारात हजर, बूट चकाचक, हातात काठी. मी म्हणतो, साहेब, आज नको, मी शुद्धीवर आहे, मला समजतंय, माझं नाही म्हणजे नाही. की लगेच प्रश्न, नाही चाललात तर काय होईल? उत्तर चुकलं तर म्हणतात, ह्याला समजत नाही, चला. आणि उत्तर बरोबर आलं तर म्हणतात, समजतंय ना? मग चला!

...बेल वाजली बघा. अगं, माझे बूट कुठे ठेवलेस?