उतारावरची अकरा झाडं

हॅलो?… हो, आसुंताच बोलतेय. थांब, व्हरांड्यात येते. पापा आत टीव्हीसमोर बसलेत… हं, बोल आता.

… पिवळी कसली गं नुंझिया, वाळली. अकराच्या अकरा. पान हातात घेतलं की चुरा होतो… फळ धरलं होतं ना, तेही सुकलं. बकरीच्या लेंड्यांसारखी दिसतायत ऑलिव्हं.

… कोणी मारली म्हणजे काय, त्या झाडं लावायच्या सरकारी योजनेच्या माणसांनी… अगं ऐक ना. तुला तिकडे अ‍ॅडलेडात बसून काय कळणार? सिडनी आपल्या कुंपणाला येऊन टेकलंय. पलीकडच्या टेकडीवरची निलगिरी सगळी आडवी केली, घरं बांधायला. आता त्याचं प्रायश्चित्त म्हणून आमच्यासारख्यांना पैसे देतात, लावा म्हणे इथली मूळची झाडं. पाडणारे ते आणि खड्डे खणणारे आम्ही.

… घेतले कशाला म्हणजे? कोझिमोमुळे घेतले… हो, तोच, आपला बंधुराज. दर रविवारी जेवायला येतो आणि पास्ता संपायच्या आत बिल्डरचे कागद टेबलावर मांडतो. पापांना काय, कोणीही पेन दिलं की सही करतात. योजनेच्या कागदावर सही झाली की दहा वर्षं जमीन विकता येत नाही. म्हटलं, पापांचे उरलेले दिवस तरी इथे जातील… हो, मीच घेतली त्यांची सही. हो.

… अट होती ना. ओढ्यातलं जंगली ऑलिव्ह आधी मारायचं. पाखरं बी टाकतात, ते माजतं, दुसऱ्या कुणाला वर येऊ देत नाही. खरंच आहे ते. खोडाला ड्रिलने भोक पाडतात आणि विष भरतात.

… आपली जंगली नाहीत हे मला सांगतेस? पण त्यांनी बुंधा बघितला. विसरलीस का, पापांनी ओढ्यातल्याच खुंटांवर इटलीहून आणलेल्या गावच्या काड्यांचं कलम बांधलं होतं? खालून फुटवे येतात ते जंगलीच. मी ऑफिसला फोन केला तर ती बाई म्हणते, मूळ आमच्या मारायच्या यादीतलं आहे, मॅडम, वर काय आहे त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही… वर काय आहे म्हणे. चाळीस वर्षं आहेत, बये.

… होते ना, घरीच होते पापा. मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते… नाही अडवलं… ओरडू नकोस, ऐक. पापांनी त्या दोघांना कॉफी करून दिली.

… कारण त्यांना वाटलं, टॉनिक भरतायत. गेल्या साली चर्चपुढच्या म्हाताऱ्या एल्मच्या झाडाला असंच भोक पाडून टॉनिक दिलं होतं, ते जगलं. पापांचं इंग्रजी आता राहिलंच नाही, विचारणार कुणाला?… अजून ऐक. ती माणसं नऊ झाडं करून निघाली होती. शेडमागची दोन त्यांना दिसलीच नव्हती. पापांनी नेऊन दाखवली.

… हो. हाताला धरून नेलं.

… रडू नकोस गं. मी अजून रडले नाही… तक्रार करून काय होणार? त्यांच्या नोंदीत लिहिलंय, ‘मालकाने स्वतः दाखवली.’ बस. उतारावर आता प्लॅस्टिकच्या नळकांड्यांत वीतवीतभर रोपं उभी आहेत आणि मधे आपले अकरा सांगाडे. परवा तपासणीला आले तेव्हा शाबासकी देऊन गेले मला.

… नाही सांगितलं. कसं सांगू? रोज सकाळी काठी टेकत खाली उतरतात, एकेका बुंध्याला हात लावून येतात. म्हणतात, टॉनिक कडक दिसतंय, आधी पान झडतं मग फुटतं. मी मान डोलावते… तू सांग मग. धाकटी, लाडकी ना तू? सांग की… बघ, तुझ्याच्यानेही होत नाही.

… थांब. आले ते बाहेर.

नुंझिया आहे, पापा. अ‍ॅडलेडहून… झाडांचंच विचारतेय… हो, हो, विचारते तिला. नुंझिया, पापा विचारतायत, पालवी येईल ना म्हणून. तुझ्या नवऱ्याचा द्राक्षमळा आहे, तुम्हाला जास्त कळतं म्हणतायत…

बोल ना गं.

… बोल काहीतरी, ते माझ्या तोंडाकडे बघतायत.

… येईल म्हणतेय, पापा. वसंतात… ठेवते.