डावं कोपर

(साल १९६४. मलकापूरजवळचं एक गाव. उद्या आखाजी (अक्षय्य तृतीया), पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरून त्यांना जेवू घालायचा सण. आत्याबाईची सून शालू हिच्या चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं. शेजारची अमीनाचाची पुरणाच्या पातेल्याशी बसलेली.)

शालू : हाही फाटला, चाची!

अमीना : फाटनच. मांडा हाय तो, जुनं लुगडं नाही टराटरा ओढाले.

शालू : आत्याबाईनं आजारपणात खाटेवरून सगळं सांगतलं होतं मले. पीठ वस्त्रगाळ करायचं, कणीक सैल भिजवायची, तेल लावून आपटायची, पुरण भरून मनगटावर वाढवत न्यायची...

अमीना : पाठ तं पोपटावानी हाय. तुले ठाव सगळंच हाय पोरी, येत काहीच नाही.

शालू : हसू नका. त्या गेल्यावरची ही पहिली आखाजी. त्यायच्या नावाच्या घागरीपाशी मांडा नसला, तं वरून शिव्या देतीन मले.

अमीना : देतीनच! जित्तेपणी कोणाले सोडलं तिनं? सरक. माह्या हाताकडं पाह्य, तोंडाकडं नको.

शालू : तुम्हाले कसं सांगतलं होतं त्यायनं?

अमीना : सांगते कुठची! मी नवी नवरी, रोज येऊन बाजूले बसे. चुकलं की फटका. घे गोळा. हां, फिरव... असं नाही!

शालू : आई गं! मारता काऊन?

अमीना : डावं कोपर वर! मले तिनं असंच मारलं.

शालू : कोपराचं तं त्या काही बोलल्याच नाहीत.

अमीना : तिच्या ध्यानात तरी कुठं होतं? कर तू.

शालू : थांबा, चाची. आत्याबाई लहानपणी विहिरीवर पडल्या होत्या ना? डावा हात वाकडाच बसला होता त्यायचा. म्हणून कोपर वर जात होतं!

अमीना : या अल्ला! म्हणजे मी धडधाकट बाई, जिंदगीभर मोडक्या हातानं मांडे करून राह्यली?

शालू : अन् तुमची सून?

अमीना : तिलेही फटके देऊनच शिकवलं. तिनं नांदुऱ्याले माहेरी आपल्या बहिणींले शिकवलं. अर्ध्या नांदुऱ्याची कोपरं वर असतीन आता!

शालू : हसवू नका, हात हलते माहा.

अमीना : अगं, पाह्य, पाह्य हाताकडं!

शालू : अगं बाई! फाटला नाही!

अमीना : टाक खापरावर, लवकर. बिलकुल तिच्यावानी, एका बाजूले जराक लांब.

शालू : पुढचा मांडा कोपर खाली घेऊन करू का? सरळ होईन.

अमीना : नको. उद्या तुही आत्याबाई जेवाले येईन. तिले आपला हात वळखता आला पायजे.