मुठीचं वजन

अर्धांगवायूने उजवा हात गेलेली त्यांची आई आत फिजिओथेरपीच्या खोलीत व्यायाम करत होती. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते.

"ताई, भात कालही कच्चट राहिला. अडीचशे ग्रॅम तांदूळ, अर्धा लिटर पाणी. बरोबर दुप्पट."

"अरे शहाण्या, दुप्पट वाटीने घ्यायचं, वजनाने नाही. तेवढे तांदूळ आपल्या दोन वाट्या होतात. त्याला पाणी चार वाट्या. सहाशे मिली झालं की!"

"आई कुठे वाटी घ्यायची?"

"ती मुठीने घ्यायची. माणशी दोन मुठी."

"म्हणून तर काल तिची मूठच काट्यावर तोलायला गेलो. म्हटलं, कायमचं माप होईल. बाबांना तिच्याच हातचा भात लागतो."

"मग? किती भरली?"

"बोटं मिटेनात गं. मी मिटवून धरली, तरी सगळे तांदूळ खाली सांडले."

"तुलाही ना, काही कळत नाही. काय म्हणाली ती?"

"डाव्या हाताने दाणे वेचत बसली."

"आणि बाबा?"

"दारातच उभे होते. मला म्हणाले, उद्यापासून भात टाकू नकोस."