चिपचा बंद भाग अन् नायिकेचा गळा

वडसा गावातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात काल काय झालं, आयका. एका नाटक मंडळाचे मालक तणतणत आले. नाटकाचे पोस्टर बनवायले त्यायनं माझ्याकडूनच ग्राफिक्स कार्ड नेलं होतं.

"नेटवर वाचलं मी! चिप महागड्या कार्डाचीच, पण थोडी बंद करून ठेवली. खराब माल काऊन देल्ला मले?"

"भाऊ, चिप बनवताना एखादा भाग बिघडते. सारी फेकण्यापेक्षा कंपनी तेवढाच भाग बंद करते, अन् दुसऱ्या नावानं स्वस्तात विकते."

"हे तं सरळ फसवणूक हाय!"

तेवढ्यात त्यायचा फोन वाजला.

"नायिकेचा गळा बसला? मंग नाटक रद्द काऊन करता? तिचे गाणे बंद करा, नाटकाले दुसरं नाव द्या, अन् बाजूच्या गावाले कमी भावात लावा."

फोन खिशात टाकून माझ्याकडं वळले. "हां, तं फसवणुकीचं काय म्हणत होतो मी?"