आईचे फोटो

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबराची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर बहीणभाऊ बोलत होते. बाईंनी मासिक उघडलं, पण कान तिकडेच.

"ताई, कॉम्प्युटर गच्च भरला होता. फुकटचं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि एकेक करून फोटो लहान करत सुटलो."

"लहान म्हणजे? माणसं बारीक झाली?"

"अगं, फाइल हलकी होते. फोटो दिसतो तसाच."

"माझ्या लग्नाचेही केलेस?"

"सगळ्यात आधी! भावोजी तरी तेवढेच जाड दिसतात."

"गप रे! आणि आईचे?"

"एक करून बघितला. मोठा करून पाहिला, तर चष्म्यामागचे डोळेच पुसट झाले."

"अरे देवा! मग?"

"मूळ फोटो होता, म्हणून वाचलो. आईचे सगळे तसेच ठेवले. जागा हवी म्हणून माझ्या सहलींचे उडवले."

"मला पाठव ना तो डोळ्यांचा."

"जड आहे, मेलने जायचा नाही."

"मग पेनड्राइव्हवर घेऊन ये. आणि या वेळी दारातून परत जाऊ नकोस, जेवून जा."

बाईंचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी पुढच्या माणसाला आधी जायची खूण केली.

"भाजी काय करशील?"

"आधी ये तर खरा!"