निळा कप

तुले वाटते मातीकाम म्हणजे मजा आहे. मग हे ऐक. दोन वर्षांपासून मी घरामागच्या वाडीतल्या खोलीत एका निळ्या ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या चकचकीत लेपाच्या मागं लागली आहे. या खेपेले वीस कपांले वीस तऱ्हेचे लेप लावले. कशात काय मिसळलं ते वहीत नंबर घालून लिहिलं, अन् कपाच्या बुडाले मार्करनं तोच नंबर टाकला.

भट्टी उघडली. एकोणीस कप वाया गेले होते, अन् एक अगदी तोच निळा. मी तो उलटा केला. बूड कोरं. शाई भट्टीत जळून गेली होती.

मी खालीच बसली. नवरा आला, कप हातात घेतला, म्हणे, "काहून रडून राहिली वं? मस्त तर झाला. असेच पाच अजून बनव, सेट होऊन जाईल."